चर्चा: ख्रिस्ती कलेत विस्मय ‘घडवता’ येतो का?

गेरू: रोमच्या सांत इन्यात्सियो चर्चच्या फरशीत संगमरवराची एक तबकडी बसवली आहे. तिच्यावर उभं राहून वर बघितलं की चित्रकार आंद्रेआ पोत्सोने रंगवलेलं छत फुटून थेट आभाळात गेल्यासारखं दिसतं. थोडं पुढे आणखी एक खूण आहे, तिथून घुमट दिसतो. तो घुमटच नाही. १६८५ मध्ये रंगवलेला सपाट कॅनव्हास आहे. चार पावलं बाजूला सरका, सगळे खांब कलंडतात.

माझ्या मते याला थक्क करणं म्हणावं, विस्मय नव्हे. थक्क झालेला माणूस ‘हे केलं कसं?’ विचारतो, विस्मयात पडलेल्याला ते सुचत नाही. जग आधीच कुणीतरी निर्माण केलंय असं मानणाऱ्या कलावंताने नवल पैदा करायला जाऊ नये. जे दिसलं ते नीट पोचवावं.

काचतुकडा: सपशेल असहमत. बायझंटाइन मोझेकचा, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या काचतुकड्यांच्या भित्तिचित्राचा, सोनेरी तुकडा घ्या. जाड काचेवर सोन्याचा वर्ख, त्यावर काचेचा पातळ पापुद्रा, भट्टीत एकजीव केलेला. ओल्या चुन्यात बसवताना प्रत्येक तुकड्याचा कोन जरासा वेगळा ठेवतात, उंच भिंतीवर तर खाली झुकता. दिव्याची ज्योत हलली की भिंत हलते, ती त्यामुळे. हल्ली वेळ वाचवायला तुकडे कागदावर उलटे चिकटवतात आणि अख्खा ताव भिंतीवर दाबतात. पृष्ठभाग सपाट होतो. मग सोनं एकाच जागेवरून झगझगतं आणि दुसरीकडून काळपट तपकिरी दिसतं. त्या कारागिरांनी विस्मयाचा हिशेब अंशाअंशाने केला होता, आणि तुम्ही म्हणताय हिशेब करूच नये?

ओंजळ: १२व्या शतकात क्लेअरव्होच्या मठाधिपती बर्नार्डचा आक्षेप हाच होता: मठाच्या ओवरीत कोरलेले विचित्र प्राणी बघत बसले तर भिक्षू ग्रंथ सोडून दगड वाचतील. त्याच्या सिस्टर्शियन संघाने नियमच केला, खिडक्यांना पांढरी काच, चित्र नाही. गंमत अशी की त्या उघड्या दगडावर सरकणारं ऊन बघायला आज लोक मुद्दाम जातात.

गेरू: कोनाचा मुद्दा मान्य. पण आयकॉनवर, म्हणजे लाकडी पाटीवरच्या पूजेच्या चित्रावर, सोनं चढवणाऱ्याचं लक्ष कुठे असतं ते बघा. लाकडी पाटीवर खडू आणि सरसाचे आठ-दहा थर, घासून गुळगुळीत. त्यावर सरसात कालवलेल्या तांबड्या मातीचे तीन-चार हात. ती ओली करून वर्ख टाकायचा, थांबायचं, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. घाई केली तर वर्ख अकीकाबरोबर निघून येतो, उशीर झाला तर कितीही घोटा, झळाळी येत नाही. मातीत सरस जास्त झाला तर थर कडक होऊन चमक बसत नाही. कमी पडला तर माती भुकटीसारखी सुटते. या माणसाच्या डोक्यात विस्मय नसतो, सरस असतो.

काचतुकडा: आणि तो सरस कशासाठी मोजतोय? चमकेसाठीच ना!

रसिक_६: थक्क करणं आणि विस्मय यांच्यात तुम्ही जी भिंत घालताय ती भरतमुनींनी घातलेली नाही. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय, आणि त्याच्या विभावांत, म्हणजे तो जागवणाऱ्या कारणांत, दिव्यजनांचं दर्शन, देवळात जाणं, आणि चक्क माया-इंद्रजालसुद्धा एकाच पंगतीला बसवलेत. म्हणजे पोत्सोही त्याच पानावर.

गेरू: भरतमुनी रंगमंचाबद्दल बोलतात, तिथे खेळ संपला की पडदा पडतो. वेदीसमोर प्रार्थना करणाऱ्याने तबकडी शोधत फिरायचं का?

ओंजळ: पण पोत्सोने ती तबकडी लपवली कुठे? फरशीत सर्वांना दिसेल अशी आहे. युक्ती माहीत असलेला माणूस तिच्यावर उभा राहतो, तरी छत उघडतंच. इंद्रजाल करणारा आपली जागा दाखवत नाही.

गेरू: हे मात्र मी धरलं नव्हतं. तरी त्या खोट्या घुमटाबद्दल माझं मत बदललेलं नाही.