अलाइनर लावून दात सरळ करून घेतलेल्यांनो, मधल्या महिन्यांचे अनुभव सांगा

सायंतारा

काल कपाटाचा तळाचा खण आवरताना एक चपटी निळी डबी हाती लागली. तिच्यात माझ्या वरच्या दातांचे दोन अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे होते, पहिला आणि शेवटचा. मधले सगळे केव्हाच टाकून दिले होते. दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी धरून पाहिले. पहिल्यात डावा सुळा रांग मोडून पुढे आलेला आणि त्याच्याआड दडलेला दात जेमतेम दिसणारा, तर शेवटच्यात दोघेही निमूटपणे ओळीत उभे. गंमत म्हणून पहिला दातांवर चढवायला गेले, तर तो अर्ध्यावरच अडला. ज्या दातांनिशी चौतीस वर्षे काढली, त्यांचा साचा आता माझ्याच तोंडात बसेना.

उपचार सुरू करण्यापूर्वी मी जी काही माहिती शोधली होती, ती सगळी ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांची होती, मधल्या चौदा महिन्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून हा धागा.

माझ्यापुरते सांगते. पहिल्या संचात २६ साचे होते आणि दर दहा दिवसांनी एक बदलायचा होता. ते संपल्यावरही खालचा एक दात हट्टाने तिरकाच राहिला, म्हणून तोंडाचे पुन्हा स्कॅन झाले आणि आणखी ११ साचे आले. या दुसऱ्या फेरीला रिफाइनमेंट म्हणतात आणि ती पुष्कळांना लागते, हे आधी ठाऊक असते तर त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी रडले नसते. सुरुवातीला पडद्यावर आपले दात कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत सरकताना दाखवतात, पण ती केवळ योजना असते आणि आपल्या दातांनी ती वाचलेली नसते.

दुखण्याचे म्हणाल, तर नवा साचा चढवला की पहिले दोन दिवस दातांवर कोणी अंगठा दाबून धरल्यासारखे वाटे आणि तिसऱ्या दिवशी विसरही पडे. साचा रात्री झोपण्यापूर्वी बदलावा, म्हणजे पहिले काही तास झोपेत निघून जातात, हा तोडगा मला फार उशिरा सुचला.

ओसाड_बुरूज

बटणांबद्दल कोणीच सांगत नाही! अलाइनर म्हणजे नुसते पारदर्शक प्लास्टिक, अशा समजुतीत मी खुर्चीत जाऊन बसलो आणि उठलो तेव्हा माझ्या नऊ दातांवर तांदळाच्या दाण्याएवढे उंचवटे चिकटवलेले होते. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. दात भरण्यासाठी जे दाताच्या रंगाचे द्रव्य वापरतात, त्याचेच ते असतात आणि साच्याला दात नीट पकडता यावा म्हणून ते लावतात. साचा घातलेला असताना ते फारसे दिसत नाहीत, पण काढला की ओठाच्या आतल्या बाजूला किसणीसारखे लागतात. पहिला आठवडा माझी जीभ दिवसभर त्यांचीच मोजदाद करत होती.

पहिला साचा काढायला मला पंधरा मिनिटे लागली, हेही नोंदवून ठेवतो. समोरून ओढायचा नसतो. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला बोट घालून आधी एक बाजू सोडवायची, मग दुसरी आणि समोरचा भाग सर्वांत शेवटी. दोन नखे तुटल्यावर मला हे समजले.

मधुरव

बुरूज, नखांसाठी एक लहानसा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो डॉक्टरांकडे मागून घ्यावा. मी तो किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवला होता.

माझी खरी भीती दात घासून बारीक करण्याची होती. जागा कमी असली की दोन दातांच्या मधून एक पातळ पट्टी फिरवून किंचित फट करतात. आवाज थेट कानशीचा येतो आणि तो कवटीतून ऐकू येत असल्यामुळे पाठीच्या मणक्यापर्यंत जातो. दुखत मात्र काहीही नाही. एका फटीत साधारणतः जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक दाताच्या वाट्याला पाव मिलिमीटर एवढेच आवरण काढतात, असे मला कागदावर आकृती काढून समजावले होते. आकृती पाहून समाधान झाले, पण खुर्चीचा हात मी सोडला नाही.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

दिवसाचे २२ तास साचा तोंडात ठेवायचा, याचा अर्थ खाण्यापिण्याला आणि दात घासायला मिळून १२० मिनिटे उरतात. माझ्यासारख्या दिवसातून सहा वेळा चहा पिणाऱ्या माणसाने हा हिशेब आधी मांडायला हवा होता. एक चहा म्हणजे साचा काढणे, तो धुऊन डबीत ठेवणे, चहा पिणे, चूळ भरणे, शक्य असल्यास दात घासणे आणि साचा परत चढवणे, अशी किमान पंधरा मिनिटे जातात. सहा चहांतच दीड तास संपला, मग जेवायचे केव्हा? दुसऱ्या महिन्यात मी दोन चहांवर आलो.

साचा न काढताच चहा पिऊन पाहावा, असे कोणाच्या मनात येत असेल तर तो प्रयोगही मी केलेला आहे. साचा दोन दिवसांत पिवळा पडतो आणि गरम द्रवाने त्याचा आकार बिघडू शकतो. त्याहून वाईट म्हणजे साखर प्लास्टिकच्या आत दाताला चिकटून राहते आणि लाळेला ती धुऊन काढता येत नाही. सरळ पण किडलेले दात मिळवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे, असे माझ्या डॉक्टर अत्यंत शांतपणे म्हणाल्या होत्या.

केतकी_८८

तत्त्वज्ञ, सहा चहा!! माझे खाणे साचा काढायच्या कंटाळ्यानेच कमी झाले आणि सर्वांना वाटले की मी निर्धाराने वजन उतरवते आहे. मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

सध्या माझा १४ क्रमांकाचा खालचा साचा सकाळपासून सापडत नाही. जेवताना काढला होता एवढे आठवते. कोणाचा हरवला होता का?

मधुरव

केतकी, कागदी रुमालात गुंडाळला होतास का? माझा तसाच कचऱ्यात गेला होता आणि मी हातमोजे घालून तो तासभर शोधला होता. तेव्हापासून तोंडातून निघालेला साचा डबीतच जाईल, रुमालात, खिशात किंवा ताटाच्या कडेला नाही, असा कानाला खडा लावला आहे.

ओसाड_बुरूज

घरात कुत्रा असेल तर त्याच्याकडेही संशयाने पाहावे. आमच्याकडच्याने सहावा साचा आवडीने चावला होता, कारण लाळेचा वास त्यांना ओढून आणतो. तोवर आधीचा साचा चढवून ठेवावा आणि लगेच डॉक्टरांना विचारावे. मागचाच काही दिवस वापरायचा, पुढच्यावर जायचे की नवा करून घ्यायचा, हे त्या साच्याचे किती दिवस झाले आहेत यावर ठरते. ते आपण घरी ठरवू नये. एवढ्यासाठीच मागचा एक साचा नेहमी जपून ठेवायला सांगतात.

शब्दवेल्हाळ

मी शिकवण्याचे काम करते. पहिल्या दिवशी वर्गात ‘संस्कृती’ हा शब्द उच्चारताना माझ्या तोंडून जे काही निघाले, त्यावर मागच्या बाकांवरून खसखस पिकली. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांना जिभेचे टोक दातांच्या मागे जिथे नेमके जाते, तिथे आता प्लास्टिकची भिंत असते. दोन संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून काढले आणि चार-पाच दिवसांत जीभ नव्या घरात रुळली. तोंड कोरडे पडणे आणि नंतर एकदम लाळ सुटणे हा प्रकारही सुरुवातीला होतो. पाण्याची बाटली जवळ असावी. साधे थंड पाणी साचा न काढता पिता येते, हीच काय ती सवलत आहे.

वाकडी_वाट

सर्वांचे गोड अनुभव वाचून झाले, आता माझा. तारा लावायची लाज वाटत होती, म्हणून दगडापेक्षा वीट मऊ असे म्हणून मी अलाइनर घेतले. माझी एक उपदाढ स्वतःभोवती बरीच फिरलेली होती. बाराव्या साच्याच्या सुमारास तिच्या टोकाशी आणि प्लास्टिकच्या मध्ये एक लहानशी पोकळी दिसू लागली, म्हणजे साचे पुढे चालले होते आणि दात मागे राहिला होता. मी रबरी गुंडाळी चावून साचा घट्ट बसवण्याचा प्रयत्न केला, पण आरशात ती पोकळी दर आठवड्याला थोडी अधिक स्वच्छ दिसे. गोल आकाराच्या दाताला फिरवताना प्लास्टिकला पकड मिळत नाही आणि दात हिरडीतून खाली ओढणेही त्याला अवघड जाते, हे मला तेव्हा समजावून सांगण्यात आले. अखेर पाच महिने तारा लावाव्या लागल्याच.

खरे सांगायचे तर, मी डॉक्टरांना २० तास म्हणत असे आणि साचा जेमतेम १५ तास तोंडात असे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार? तारांचे एक बरे असते, त्या काढून डबीत ठेवता येत नाहीत.

दंतकथा_नव्हे

मी याच व्यवसायात आहे, म्हणून थोडी भर घालते. दात हाडात सिमेंटमध्ये रोवल्यासारखा घट्ट नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे एक अतिशय पातळ अस्तर असते, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे. सतत हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवे हाड भरले जाते. प्रत्येक साच्यात दात साधारण पाव मिलिमीटरच सरकवण्याची योजना असते, ती याच कारणाने. म्हणूनच उपचार चालू असताना दात किंचित हलतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. साचा काही तास काढून ठेवला की दात परतीच्या वाटेला लागतो. वाकडी_वाट यांच्या १५ तासांत तो पुढे-मागे झुलत राहिला असणार.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत दंतवैद्य केसलिंग यांनी १९४५ मध्ये रबरी साच्याने दात थोडे थोडे हलवण्याची पद्धत मांडली होती, पण दर टप्प्याला हाताने मेणात दात मांडून नवा साचा करणे व्यवहारात जमणारे नव्हते. ते संगणकामुळे शक्य झाले. १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिच्या अलाइनरचे इनव्हिजलाइन हे नाव सर्वतोमुखी झाले.

एक कळकळीची विनंती आहे. घरच्या घरी ठसा घेऊन टपालाने साचे मागवू नयेत. मुळे किती लांब आहेत, हाड किती आहे आणि हिरड्यांना आजार आहे का, हे क्ष-किरण आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय कळत नाही. हिरड्यांचा आजार आधी बरा करावा लागतो, कारण सुजलेल्या हिरडीतला दात हलवला तर हाड आणखी खचते.

संथ_वाहते

माझे वय ५८ आहे. “या वयात कशाला?” हा प्रश्न मला दात दुखण्यापेक्षा अधिक वेळा सहन करावा लागला. माझ्या हिरड्यांवर आधी चार महिने उपचार झाले, मग साचे मिळाले. खालचे दात सरळ झाल्यावर त्यांच्यामध्ये हिरडीजवळ लहान काळे त्रिकोण दिसू लागले. दात एकमेकांवर चढलेले होते तोवर ते झाकलेले होते. याची कल्पना मला आधी दिलेली होती, तरीही आरशासमोर पहिल्यांदा पाहताना मन खट्टू झाले. दात घासताना ब्रश आता सगळीकडे पोहोचतो, ही मात्र मोठीच सोय झाली.

शब्दवेल्हाळ

संथ_वाहते, तुमच्या चिकाटीला नमस्कार. माझ्या आईला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

शेवटच्या महिन्यात माझ्या मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा झाल्या होत्या. दोन्ही जबड्यांच्या मध्ये दिवसभर प्लास्टिकचे दोन थर असल्यामुळे असे होऊ शकते, असे सांगितले गेले. साचा फक्त रात्री घालायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या पुन्हा टेकल्या. आणखी कोणाला असे झाले होते का?

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

मला झाले होते. चावताना आवाजच येत नसे, जेवण मुके झाले होते.

सायंतारा

सर्वांचे आभार. वाकडी_वाट यांच्या कबुलीनंतर मलाही एक सांगणे भाग आहे. त्या निळ्या डबीत तिसरी वस्तूही होती, जी मी वर लिहिली नाही. तो माझा रिटेनर होता, म्हणजे सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून उपचारानंतर घालायचा साचा. रोज रात्री घालायचा असे बजावलेले असताना मी तो सात-आठ महिन्यांपूर्वी ‘एक दिवस राहू दे’ म्हणून त्या खणात टाकला होता. काल रात्री चढवला, तर तो बसला खरा, पण अंगठा दाबून धरल्याची तीच जुनी कळ आली आणि खालचा तो हट्टी दात नेमका ओळखू आला.

दंतकथा_नव्हे

बसतो आहे तर रोज रात्री घालत राहा, पण जोर लावून बसवू नका आणि या आठवड्यात दाखवून या. तंतूंना जुनी जागा आठवत असते.

सायंतारा

वेळ घेतली आहे, गुरुवारची.

केतकी_८८

साचा सापडला. तो वरच्या साच्यावर चढून त्याच डबीत बसला होता आणि मी सकाळपासून दोन्ही एकच समजत होते. २२ तासांपैकी सहा तास गेले, आता चहा बंद.