वस्तीतल्या मुलांबद्दल नव्या शिक्षकांची मतं कुठे घडतात?

सुलभाताई (धागाकर्ती):
मुंबईत गोवंडी भागात महापालिकेच्या शाळेत शिकवते. बाहेरच्या जिल्ह्यांतून रुजू झालेले नवे शिक्षक बघत आले आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड.ला वीस आठवड्यांची इंटर्नशिप आली, चांगलंच झालं. पण मुलांबद्दलचं मत पक्कं होतं ते स्टाफरूममध्ये. "इथली पोरं अशीच, फार जीव लावू नका," हे जुन्यांकडून ऐकलं की नवा माणूस वर्गात तेच शोधत बसतो.

एका मुलीच्या वह्यांना कायम टिकल्या आणि जरीचे धागे चिकटलेले असायचे. नव्या बाईंनी 'निष्काळजी' असा शेरा मारला. पुढे त्या घरी गेल्या. खोलीभर साडी ताणलेली लाकडी चौकट, आईवडील जरीकामाला बसलेले आणि मुलगी चौकटीच्या कडेवर वही टेकवून लिहितेय. बाईंनी पुढे सममिती शिकवली ती त्याच नक्षीवरून. घरी गेल्याशिवाय मत बदलत नाही, हे मी ठामपणे म्हणते.

वऱ्हाडी_गुरुजी:
ताई, सगळं शिक्षकाच्या मनावर ढकलू नका. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर, तीन वर्षं काढायची. प्राथमिकचं मानधन २०२३ पर्यंत सहा हजार होतं, आता सोळा. त्यात मुंबईत खोली कोण देतं? वर मतदारयाद्यांचं काम. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. वर्गात पन्नास बसले की भला माणूसही चिडचिडा होतो. आधी पट कमी करा, मग वृत्तीचं बोलू.

एक_पालक:
दोघांनाही माझा विरोध. मला चिडणाऱ्या शिक्षकांपेक्षा कळवळा येणाऱ्यांची जास्त भीती वाटते. घर बघून आले की "बिचारी, कुठे अभ्यास करणार" म्हणून गृहपाठच बंद. माझ्या मुलाला भागाकार येत नव्हता आणि प्रगतिपुस्तकात सगळं छान! आम्हाला दया नको, वही तपासून हवी. दोन वर्षांच्या फेलोशिपवर शिकवायला येणारी तरुण मुलं मेहनती असतात, पण वस्ती कळायला लागते तोवर त्यांची मुदत संपते.

सुलभाताई:
गृहपाठाचं म्हणणं मान्य. म्हणूनच नव्या शिक्षकाला मुलांच्या घरी एकटं पाठवू नये, सोबत अनुभवी शिक्षक हवा. आणि पहिल्या सत्रात तरी त्याला निवडणुकीचं काम देऊ नये.

वऱ्हाडी_गुरुजी:
आदेश वरून येतो, ताई. शिक्षकाचं नाव त्या कामातून वगळायचा अधिकार मुख्याध्यापकांना कुठे आहे?