"ब्रह्मचर्य पाळा आणि राहा, अडवलंय कोणी?" याला उत्तर

पश्चिमवारा

परवा इथे 'परंपरेचा पाईक' यांनी लिहिलं होतं: "लॅटिन मिस्साच्या मंडळींतून बाहेर पडलेले गे लोक छळाच्या कथा सांगत फिरतात. चर्च कुणाला हाकलत नाही. ब्रह्मचर्य पाळा आणि राहा, एवढंच सांगतं. ज्यांना पाळायचं नसतं ते जातात, आणि जाताना दार आपटतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस सोडून दिलं, पण डोक्यातून जाईना.

मी पाळत होतो. म्हणून हे लांबण.

मी वसईचा, मराठी मिस्सात वाढलेला. शिकायला अमेरिकेत गेलो, पुढे मध्य भागातल्या एका गावात नोकरी लागली आणि तिथल्या लॅटिन मिस्सावाल्यांत, म्हणजे १९६९ पूर्वीची जुनी लॅटिन उपासना धरून असलेल्या कॅथलिकांत, ओढला गेलो. कुठली संस्था, कुठलं चॅपल हे विचारू नका, सांगणार नाही. १९६२ चं मिस्सापुस्तक, बायकांच्या डोक्यावर जाळीचं कापड, कठड्याशी गुडघे टेकून जिभेवर घ्यायचा ख्रिस्तप्रसाद, वर्षभर शुक्रवारी मांस बंद, घरोघरी सात-आठ मुलं आणि त्यांची शाळा एकतर चॅपलची नाहीतर घरातच.

ओढला का गेलो? रविवारी मिस्सा झाली की एकट्या माणसाला जेवायला नेणारी घरं होती. मला गळा आहे, त्यांनी लगेच ग्रेगोरियन गायनात घेतलं. आणि खरं कारण सांगतो. तिथे पंचविशीतल्या अविवाहित मुलाला कोणी "मुलगी बघू का" विचारत नाही. "फादर व्हायचंय का" विचारतात, तेही आदराने. लपायला इतकी मानाची जागा मला वसईत मिळाली नसती.

पण ती जागा तिशीपर्यंतच. मग लोक हिशेब करायला लागतात. सेमिनरीत जावं तर रोमने २००५ साली लिहून ठेवलंय, ज्यांच्यात समलिंगी कल खोल रुजलाय त्यांना घ्यायचं नाही. लग्न करावं तर एका मुलीला जन्मभर फसवायचं. उरलं ते एकटं राहणं. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात कलम २३५९ आहे, अशा माणसाला शुद्धतेचं पाचारण आहे म्हणून. मी ते मनापासून घेतलं. वर्षानुवर्षं कुणाचा हातसुद्धा धरला नाही.

आणि एकदा, ज्यांच्याकडे दर रविवारी जेवायचो त्या गृहस्थांना सांगितलं. पापनिवेदनात नाही, त्यांच्या ओट्यावर. त्यांना वाटलं फादरांच्या कानावर घालणं आपलं कर्तव्य. फादरांनी बोलावलं. फार सौम्य माणूस. म्हणाले, "तू पाप करत नाहीस, मला ठाऊक आहे. पण घरांना कसं समजावू?" मग मुलांच्या गायनवर्गातून नाव गेलं. वेदीवरची सेवा गेली. रविवारचं जेवण कुणी बंद केलं नाही, फक्त बोलावणं यायचं थांबलं. मी ज्याच्याकडे कामाला होतो तो बांधकामवालाही चॅपलचाच. त्याने काढलं नाही. "व्हिसाचं पुढच्या वर्षी बघू" एवढंच म्हणाला. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नोकरी गेली की नवी शोधायला नाहीतर देश सोडायला फार तर ६० दिवस.

अजून एक. सूडासाठी स्वर्गाकडे आक्रोश करणारी चार पापं आपण सगळ्यांनी घोकली आहेत: खून, सदोमचं पाप, गरिबांवरचा जुलूम, मजुराची मजुरी बुडवणं. तिथे दुसऱ्यावर किती प्रवचनं ऐकली याला गणती नाही. चौथ्यावर एकही आठवत नाही. आमचा हा मालक मेक्सिकन मजुरांच्या जादा तासांचे पैसे महिनोन्‌महिने अडकवायचा, आणि रविवारी दानाची टोपली घेऊन तोच रांगेतून फिरायचा.

मी राहिलोच होतो, पाईकसाहेब. गाव माझ्याभोवतीनं सरकलं. आता सांगा, पाळायचं काय बाकी राहिलं होतं?

परंपरेचा पाईक

वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण तुमच्याच तोंडून आलंय की फादर म्हणाले, तू पाप करत नाहीस. म्हणजे शिकवण शाबूत आहे, माणसं कमी पडली. माणसं कुठे कमी पडत नाहीत? जुनी लॅटिन मिस्सा धरून ठेवणारे आर्चबिशप लफेव्र १९८८ साली रोमच्या परवानगीशिवाय चार बिशप नेमले म्हणून बहिष्कृत झाले तेव्हा त्यांच्या लोकांना नातेवाईकांनी दारात उभं केलं नाही. त्यांनी मिस्सा सोडली का? २००९ मध्ये रोमनेच त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. सोसायला दम लागतो.

आणि मुलांच्या वर्गाचं म्हणाल तर एवढी प्रकरणं बाहेर आल्यावर कुठलंही चर्च खबरदारी घेणारच. ते मनाला लावून घेऊ नये.

तिखटमीठ

थांबा. "खबरदारी"? एक माणूस विश्वासाने सांगतो की मी असा आहे आणि मी नियम पाळतोय, आणि तुम्ही त्याला लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभं करता? वर म्हणता मनाला लावून घेऊ नका? त्या सगळ्या प्रकरणांत माणसं कोण होती ते आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी बिशपांना माहीत होतं आणि त्यांनी बदल्या केल्या. खबरदारी तिथे घ्यायची होती.

परंपरेचा पाईक

मी तसं म्हटलेलंच नाही. शब्द तोंडात घालू नका.

तिखटमीठ

वर जाऊन स्वतःचंच वाचा.

निरीश्वर

मी हिंदू घरात जन्मलो, आता काहीच मानत नाही. एक प्रामाणिक शंका: हे सगळं सोडूनच का देत नाही तुम्ही लोक? सगळे धर्म इथूनतिथून सारखेच.

तिखटमीठ

आले पुण्याहून. दादा, तुम्ही धर्म सोडलात तेव्हा तुमची खोली, नोकरी आणि व्हिसा यांतलं काय गेलं? गणपतीत आरतीला उभे राहता ना अजून? मग बसा.

निरीश्वर

उभा राहतो. आईसाठी. बरं, बसतो.

भुईगावकर

पश्चिमवारा, तुझ्याबद्दल सहानुभूती आहे, पण मूळ चूक कुठे झाली ते सांगू? आपल्या भाषेतली मिस्सा सोडून तू लॅटिनच्या मागे लागलास. १९६९ ला नवी मिस्सा आली म्हणून माझ्या आजीला पहिल्यांदा कळलं की वेदीवर फादर बोलतात काय. त्याआधी ती बसून जपमाळ ओढायची. आणि आता शिकलेली पोरं परत लॅटिनकडे! मुंबईत तर निराळीच तऱ्हा. मी कामासाठी अंधेरीला राहिलो तेव्हा मराठी मिस्सा शोधत फिरायचो. इंग्रजीच्या चार-पाच, कोकणीची एक, आणि मराठीची असली तर पहाटे, कोंबडं आरवायच्या आत. हा प्रश्न कुणी घेत नाही हाती. फादर दिब्रिटो उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मराठी ख्रिस्ती म्हणून सगळ्यांनी छाती फुगवली. त्यानंतर किती धर्मग्रामांत मराठी मिस्सा वाढली?

खाडीपलीकडे

भुईगावकर, दोष फादरांना देऊ नका. मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातला, ठाण्याकडचा. आमच्याकडे मराठी मिस्सा होती. बंद पडली कारण पहिल्या दोन रांगांत म्हातारी माणसं आणि मागे बाकं रिकामी. तुमचीच वसईची पोरं इथे फ्लॅट घेतात आणि इंग्रजी मिस्साला जातात, का तर मुलांचं इंग्रजी सुधारतं.

भुईगावकर

आमची पोरं? तुमच्या लोकांनी घरात मराठी बोलणं कधी सोडलं ते आधी सांगा. लग्नात उंबराचं पाणी आणता तेवढ्यापुरतं गाणं मराठीत, बाकी सगळा कारभार इंग्रजीत!

खाडीपलीकडे

माझी आई अजून घरात आमच्या बोलीतच बोलते. तुम्हाला ती मराठी वाटत नसेल, कारण तुम्ही शाळेतली मराठी धरून बसलात. तुमची स्वतःची सामवेदी बोली किती पोरं बोलतात हो?

परंपरेचा पाईक

बघा, म्हणूनच लॅटिन. कोकणी, मराठी, तमिळ, इंग्रजी, सगळे एका कठड्याशी. कुणाची मिस्सा पहाटे आणि कुणाची नऊला, हे भांडणच नाही. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्साला दार उघडलं, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ते पुन्हा लोटलं. आणि आता भांडा वाड्यावाड्यात.

भुईगावकर

लॅटिनच्या काळात आपल्या लोकांना काही कळत नव्हतं असं नाही, पण ते लॅटिनमुळे नव्हे. फादर स्टीफन्सनी १६१६ साली ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं ते कशासाठी? वेदीवर लॅटिन होती, म्हणून लोकांना कथा आपल्या भाषेत हवी होती. इंग्लंडहून आलेल्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी हे कळलं, आणि आमच्या सोसायटीतल्या सेक्रेटरीला कळत नाही, तो मला सांगतो "अंकल, इंग्लिश मासला या, एसी आहे."

पश्चिमवारा

धागा माझा होता बहुतेक.

भुईगावकर काका, वसईत मराठी मिस्साच होती, आणि मी तिथेही लपलेलाच होतो. मिस्सा समजली म्हणून गावाला मी समजलो असतो असं नाही. लॅटिन मला आवडायची आणि अजून आवडते. 'साल्वे रेजिना' ही मारियेची लॅटिन प्रार्थना कानावर आली की आजही गळा दाटतो. माझं भांडण त्या मिस्साशी नाहीच. तिच्याभोवती ज्यांनी गाव बांधलं त्यांच्याशी आहे.

पाईकसाहेब, "माणसं कमी पडली" हे उत्तर मला फार सोयीचं वाटतं. त्याच ग्रंथात एक कलम आधी, २३५८ मध्ये, अशा माणसांना आदराने, करुणेने, संवेदनशीलतेने वागवा आणि अन्याय्य भेदभाव टाळा असंही आहे. म्हणजे मी माझं कलम पाळलं आणि गावाने स्वतःचं मोडलं. पण बाहेर कोण पडलं? वेदीवरून सगळ्यांना ऐकवलं जातं ते माझं कलम. त्यांचं कधी वाचलं गेलं नाही.

परंपरेचा पाईक

आता तुमच्यासाठी समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा देणारा रोमचा डिसेंबर २०२३ चा तो कागद आहेच की. घ्या आशीर्वाद, रोम तुमच्या बाजूने झालंय.

पश्चिमवारा

कागद वाचलाय का? तो जोडप्यांसाठी आहे. त्यातही विधी नको, लग्नासारखं काही दिसायला नको अशी अट. मी एकटा होतो हो. एकट्याला आशीर्वाद त्याआधीही मिळायचा. मला हवं होतं ते रविवारचं जेवण. त्यावर रोमकडून काही परिपत्रक यायचंय.

तिखटमीठ

हे बरोबर बोललास.

वसईबद्दल मात्र एक सांगते, कारण इथे कुणीतरी म्हणणार, "आपल्याकडे असं नसतं." माझा धाकटा भाऊ. गावात सगळ्यांना माहीत. सणाच्या मिरवणुकीत पुढे तोच असतो, कॉयरमध्ये तोच पेटी धरतो. नाताळला त्याचा 'मित्र' येतो, आई त्याच्या पानात इंद्याल वाढते, परत वाढते. आणि तीच आई मला विचारते, "बाय, याचं लग्न कधी होणार गं?" गावात कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तर पाकिटावर भावाचं एकट्याचं नाव.

भुईगावकर

पण म्हणजे आपल्याकडे बरंच आहे की. काढलं तर नाही ना कोणी?

तिखटमीठ

काढत नाहीत, कारण त्याने अजून कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. पश्चिमवाराने सांगितलं. ज्या दिवशी भाऊ सांगेल त्या दिवशी पेटी कोण धरतं ते कळवते तुम्हाला.

खाडीपलीकडे

समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कायम ठेवलं तेव्हा कार्डिनल ग्रेशस म्हणाले होते की आम्ही या लोकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. तेव्हाचे मुंबईचेच आर्चबिशप. हेही नोंदवा, सगळंच काळं नाही.

तिखटमीठ

नोंदवलं. गुन्हेगार नाही म्हणून पत्रिका येईल का?

परंपरेचा पाईक

पश्चिमवारा, एक विचारतो, टोमणा नाही. आता ब्रह्मचर्य पाळता का?

पश्चिमवारा

हा प्रश्न तुम्ही इथल्या एकाही लग्न झालेल्या पुरुषाला विचारला नसता, की बाबा रे, बायकोशी कलमाप्रमाणे वागतोस का. उत्तर देत नाही. साध्या इंग्रजी मिस्साला जातो, मागे बसतो. नोकरी बदलली, नवीन मालक चर्चला जात नाही आणि जादा तासांचे पैसे वेळेवर देतो.

परंपरेचा पाईक

प्रश्न मागे घेतो. त्या मजुरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्या माणसाला टोपली द्यायला नको होती. बाकी मी म्हणालो ते म्हणालो. तुमच्या एका गावावरून सगळ्या परंपरेला तोलू नका.

तिखटमीठ

वा, चारांतलं एक पाप मान्य झालं. मुलांच्या वर्गाचं जे बोललात ते पण मागे घेता की नाही?

परंपरेचा पाईक

शब्दरचना चुकली असं म्हणतो.

तिखटमीठ

रचना.

खाडीपलीकडे

भुईगावकर, ठाण्यात येणार असाल तर सांगा. आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून मराठी मिस्सा पुन्हा सुरू करायची फादरांची तयारी आहे, निदान चाळीस माणसं तरी यायला हवीत म्हणतात. वेळ पहाटे साडेसहा.

भुईगावकर

साडेसहा! मी काय म्हणत होतो?