पेपरच्या आधी ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी : कामाची की नुसता टाईमपास?

तापीकाठ
एमए इतिहास, प्रोजेक्ट घेतलाय ब्रिटिश काळातला खान्देशातला कापूस. गाईड सर म्हणे आधी दहा सोर्सची ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी द्या, म्हणजे नुसती नावं नाही तर प्रत्येकाखाली शंभर-दीडशे शब्द, लेखक काय म्हणतो, कशाच्या जोरावर म्हणतो, काय सुटलंय आणि आपल्या पेपरात ते कुठे लागणार. ते पास झाल्याशिवाय पेपरची एक ओळ बघणार नाहीत. मला हे डबल काम वाटतं. शेवटी संदर्भसूची द्यायचीच आहे ना, मग हे दीड हजार शब्द वाचणार कोण?

भरीतपुरी
बरोबर बोलला भो. आमच्याकडे सगळे प्रस्तावनेतला मजकूर उचलून खाली-वर करतात, सर टिक मारतात, विषय संपला. आता तर एआय दोन मिनिटात दहा नोट्स काढून देतं.

धुळ्याची मास्तरीण
हो, आणि त्यातली चार पुस्तकं जगात कुठेच नसतात. मी तपासते म्हणून सांगते, लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कोणी लिहिलेलंच नाही! म्हणून मी नोटमध्ये पान नंबर मागते.

तापीकाठ, तुझाच विषय घे. तू १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, वापरणारच. त्यातला 'खान्देश जिल्हा' म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून, मुख्यालय धुळे. १९०६ ला त्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, नंदुरबार तर १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. आता तू १८८० चा कापसाखालच्या जमिनीचा आकडा उचलून १९२१ च्या पूर्व खान्देशच्या आकड्याशेजारी ठेवलास की दोन वेगळ्या हद्दींची चुकीची तुलना होणार, आणि त्यावर तू दोन पानं लिहिणार. नोट लिहिताना 'हा आकडा कोणत्या हद्दीचा' एवढी एक ओळ लिहावी लागली असती तर तिथेच कळलं असतं. शिवाय ते पुस्तक सरकारने महसूल आणि कारभारासाठी काढलेलं, भिल्लांबद्दल त्यात जे लिहिलंय ते साहेबाच्या नजरेनं, तेही नोटमध्ये यायला पाहिजे. प्रस्तावना उचलून हे येत नाही.

सातपुडा_पायथा
ताई तुमचं पटतं पण तुम्ही धुळ्यात आहात, जुन्या कागदपत्रांचं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्या गावात. नंदुरबारातल्या अक्कलकुव्याच्या पोराने दहा सोर्स आणायचे कुठून? एसटीचं भाडं, मुक्काम, आणि तिथे गेल्यावर पुस्तक घरी देत नाहीत. शहरातल्या कॉलेजचा नियम सगळ्यांना लावायचा, ही मूळ चूक आहे.

धुळ्याची मास्तरीण
जुनी गॅझेटियर स्कॅन करून नेटवर फुकट आहेत, शोधगंगा वेबसाइटवर देशभरातले पीएचडी प्रबंध आहेत. पण मराठी मासिकांचे जुने अंक, स्थानिक कागदपत्रं यासाठी जावंच लागतं, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

भरीतपुरी
पण दहाच काबरं? पाच घ्या ना, नीट वाचून. दहा म्हटलं की सातवी-आठवी नोट वाचून नाही, पाट्या टाकून होते. संदर्भातले कॉमा-फुलस्टॉप तर झोटेरो सॉफ्टवेअर पण लावून देतं, मार्क मात्र त्यालाच जास्त.

सातपुडा_पायथा
ह्याला माझा सपोर्ट. पाच सोर्स, आणि त्यातला एक गावातल्या जुन्या जिनिंगवाल्याची (कापसातली सरकी काढणाऱ्याची) नाहीतर शेतकऱ्याची मुलाखत चालेल असं ठेवा. त्याच्याखालीही नोट लिहायची, हा माणूस कोण, त्याने स्वतः बघितलेलं किती आणि ऐकीव किती.

धुळ्याची मास्तरीण
मुलाखत चालेल, पण तिच्या भरवशावर १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव कसे चढले ते लिहू नका म्हणजे झालं. त्याला त्या काळचा कागदच लागतो. आणि पाचवर मी नाही येणार, आठ.

तापीकाठ
हद्दीचं मला खरंच माहिती नव्हतं. पण सरांना आठ म्हणून बघितलं तर म्हणे दहा म्हणजे दहा. गॅझेटियरची नोट आज रात्री लिहितो, बाकी नऊचं ज्याला जे माहितीय ते सुचवा, कापसाच्या बाजारावर मराठीत काही असेल तर आधी.