कासाचं स्वयंसेवी काम (न्यू जर्सी): कुणी केलंय का?

परसबाग
धाकटी यंदा कॉलेजला गेली आणि घर एकदम रिकामं झालंय. वाचनालयात कासाचं (CASA, कोर्टाने मुलांसाठी नेमलेल्या स्वयंसेवकांची संस्था) पत्रक लावलेलं दिसलं. घरात मारहाण किंवा हेळसांड झालेल्या मुलांची बाजू कोर्टात मांडायला स्वयंसेवक हवेत म्हणे. मी अकाउंटंट, कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. नवरा विचारतो, "वकील नाहीस, तर कोर्टात जाऊन करणार काय?" शिवाय माझं इंग्रजी आपल्या वळणाचं. चालेल का? मुलाचा लळा लागला तर सुट्टीत घरी आणता येतं का? आणि हे सगळं ऐकून रात्री झोप लागते का?

काडेपेटी
घरी आणता येत नाही. ते फॉस्टर केअर, म्हणजे असं मूल तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणं, त्याचा परवाना वेगळा. कासाला वय २१ पूर्ण हवं, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, साधारण ३० तासांचं प्रशिक्षण असतं. बाकी टेकडीवाले काका सांगतील, ते बरीच वर्षं करतायत.

टेकडीवरून
परसबागताई, यजमानांना सांगा, वकिलांची तिथे कमी नसते. आईला वेगळा, वडिलांना वेगळा, राज्याचा एक, मुलाचा वकील, म्हणजे लॉ गार्डियन, एक. प्रत्येकापुढे फायलींचा ढीग. तुमच्याकडे मात्र एकच मूल, फार तर भावंडं. १९७७ मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांची हीच अडचण होती. मुलाचं पुढे काय करायचं ते ठरवायचं, पण त्याच्याबद्दल पुरेसं काही समोर येतच नाही. म्हणून त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलांमागे उभं केलं.

काम म्हणजे भेटणं, विचारणं आणि लिहिणं. नेमणुकीच्या हुकमाची प्रत दाखवली की शाळा, डॉक्टर बोलतात. एक उदाहरण देतो, ओळख पटेल असं सगळं बदललंय. एका मुलाबद्दल शाळेची तक्रार, लक्ष देत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही. फॉस्टर आईच्या मते हट्टी. मी त्याच्या आधीच्या शाळेतल्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, "चष्मा लावतो ना?" इथे चष्मा कुणी पाहिलाच नव्हता! घर बदललं तेव्हा त्याचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून आलं (हे अजूनही होतं, आणि मला दर वेळी संताप येतो), त्यात चष्मा नव्हता. केसवर्करही (मुलाची केस सांभाळणारी सरकारी कर्मचारी) मध्येच बदललेली, तिला कोण सांगणार? मी अहवालात दोन ओळी टाकल्या: शेवटची तपासणी कधी, नंबर काय, सध्या चष्मा नाही. सुनावणीत न्यायाधीशबाईंनी तेवढंच विचारलं, "याचा चष्मा कुठाय?" सगळे वकील आपापले कागद चाळायला लागले. चष्मा आला. फ्रेम बंडल आहे, हे मुलाचं मत.

म्हणून सांगतो, तुम्ही अकाउंटंट आहात हे उत्तमच. "मूल उदास वाटलं" असं लिहिलं की आमची कासाची समन्वयक अहवाल परत पाठवते. "आई चाळीस मिनिटं उशिरा आली, तोवर तो दोनदा खिडकीशी गेला, खाऊला हात लावला नाही" असं लिहायचं. कोर्टात बोलायची वेळ थोडी, वाचला जातो तो अहवाल. उच्चारांची काळजी सोडा.

आपल्या लोकांना जड जातं ते वेगळंच. असल्या आईकडे मूल परत जाताच कामा नये, असं आपण मनात धरून जातो. कोर्टाचा पहिला प्रयत्न मात्र बहुतेक वेळा घर पुन्हा जोडायचाच असतो. त्यालाही मुदत आहे. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार १२ महिन्यांत कायमस्वरूपी सोय ठरवणारी सुनावणी व्हावी लागते, आणि गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद वगळता, राज्याला आईबापांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करावा लागतो. व्यसनातून उठणाऱ्या बाईला हा काळ फार थोडा, चार वर्षांच्या पोराला फार मोठा. एक आई दोन बस बदलून, कामाच्या गणवेशातच, दर भेटीला यायची. सुरुवातीला मला तिचा रागच होता. पण दिसलं ते लिहायचं असतं, आणि मी तिच्या बाजूने लिहिलं.

झोपेचं म्हणाल तर, केसबद्दल घरी चकार शब्द काढता येत नाही, बायकोजवळही नाही. मन समन्वयकाकडे मोकळं करायचं, ती त्यासाठीच असते. आणि हो, डबा नेण्याचा मोह आवरा. खाऊ-भेटींचे नियम आधी विचारून घ्या.

मुक्काम_पुणे
इकडे पोक्सोच्या खटल्यात साधारण असाच 'सपोर्ट पर्सन' असतो. २०२० च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती नेमते. मुलाच्या सोबत राहायचं, पुढची तारीख, खटला कुठवर आलाय हे घरच्यांना समजावायचं. मुलाने कुठे राहावं याची शिफारस करणं हे मात्र त्याचं काम नाही.

परसबाग
काका, फेब्रुवारी ते १५ एप्रिल मी टॅक्समध्ये गळ्यापर्यंत बुडालेली असते. तेवढे महिने सुट्टी घेता येते का?

टेकडीवरून
नाही. तारखा कोर्ट देतं, त्याही कामाच्या दिवशी. ऑफिसात आधी विचारा. मे महिन्यानंतरच्या तुकडीत प्रशिक्षण घ्या, म्हणजे पहिल्या हंगामापर्यंत हात बसलेला असेल. पण एक केस दीड-दोन वर्षं सहज चालते. मध्येच सोडावी लागेल असं वाटत असेल तर यंदा थांबा.