जाहिरातीचं गणित अमेरिकन, पण बाकीचं?

१९५०च्या दशकातली मास मीडिया संस्कृती ही खास अमेरिकन उपज, बाकीच्यांनी फक्त नक्कल केली, असा एक दावा केला जातो. मला निम्मंच पटतं. जाहिरातदारांच्या पैशावर चालणारं प्रसारण तिथे आधी फोफावलं, हे खरं. ब्रिटनमध्ये जाहिराती दाखवणारं टीव्ही चॅनेल यायला १९५५ उजाडलं. पण कैरो रेडिओवर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इजिप्तच्या लाडक्या गायिका उम्म कुलसुम गायच्या, तेव्हा अख्खं अरब जग कान लावून बसायचं. त्यात अमेरिकेचं काय होतं?

आपल्याकडचा किस्सा तर भारीच. माहिती आणि प्रसारण मंत्री बी. व्ही. केसकर (आपले मराठीच!) यांना सिनेसंगीताचं वावडं. १९५२ नंतर आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे बिनाका टूथपेस्टने प्रायोजित केलेला फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, सुरू झाला: टूथपेस्ट स्विस कंपनीची, ट्रान्समीटर महायुद्धाच्या काळातले, आवाज अमीन सयानींचा, गाणी मुंबईची. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती ही आकाशवाणीची करमणुकीची सेवा काढावी लागली. तिच्यावर जाहिराती यायला मात्र आणखी दहा वर्षं गेली.