पहिल्या अमेरिकन जेट इंजिनाचं काम जनरल इलेक्ट्रिकलाच का दिलं?

विश्रामबाग_मेकॅनिकल:
सांगलीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला जेट इंजिन घेतलंय. १९४१ मध्ये ब्रिटननं आपल्या फ्रँक व्हिटल या इंजिनिअरचं जेट इंजिन अमेरिकेला दिलं. ते बनवायचं काम विमानांची पिस्टन इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीला न देता जनरल इलेक्ट्रिकला का दिलं? ती तर बल्ब आणि विजेच्या मोटरी बनवणारी कंपनी ना?

कुपवाड_टर्बो:
उत्तर टर्बोत आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रात. माझं कुपवाड एमआयडीसीत ट्रकचे टर्बो दुरुस्त करायचं काम, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा.

जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे १४,००० फुटांवर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६ मिळाली. पुढं दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ आणि पी-४७ या विमानांवर याच कंपनीचे टर्बो बसले.

टर्बो खोलून बघ. एकाच शाफ्टवर एक्झॉस्टनं फिरणारं टर्बाइन आणि हवा दाबणारा कॉम्प्रेसर. मधल्या सिलिंडरांच्या जागी सतत जळणारी ज्वलनपेटी ठेवली आणि उरलेला गॅस मागून जोरात सोडला, की व्हिटलची मांडणी झाली.

गोम खरी पात्यांच्या धातूत. खंबाटकी चढून आल्यावर ड्रायव्हरनं लगेच इंजिन बंद केलं, की ऑइल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगवर जळून काळा थर धरतं. असा शाफ्ट हातात घेतला की निळसर पट्टा दिसतो. विमानाच्या टर्बाइनची पाती तर लालभडक तापून गरागरा फिरतात, तरी ताणून चालत नाहीत. युद्धकाळात टर्बोच्या पात्यांना दातांच्या कामातला व्हायटॅलियम हा मिश्रधातू वापरला गेला. अशा कामाचा हात पिस्टनवाल्यांना नव्हता, शिवाय त्यांचे कारखाने युद्धाच्या ऑर्डरींनी भरलेले.

व्हिटलचं इंजिन १९४१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पोचलं. १८ एप्रिल १९४२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लिनच्या कारखान्यात त्यावरून जनरल इलेक्ट्रिकनं बनवलेलं आय-ए इंजिन सुरूही झालं. ऑक्टोबरात तशी दोन इंजिनं घेऊन बेल कंपनीचं एक्सपी-५९ए हे जेट विमान कॅलिफोर्नियात उडालं.

अजिंक्यतारा_वाचक:
काका, ते युद्धात लढलं का?

कुपवाड_टर्बो:
नाही. वेग ताशी ६६० किलोमीटरच्या आसपास, पंख्यावर उडणारं मस्टँग हे लढाऊ विमानही त्याहून जोरात पळायचं. म्हणून ते सरावालाच राहिलं. पण ते वाया गेलं असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. वैमानिक आणि मेकॅनिक जेटवर हात बसवायला शिकले ते त्याच्यावरच.

पुढं लॉकहीड या विमान कंपनीच्या केली जॉन्सनच्या टीमनं एक्सपी-८० हे जेट विमान १४३ दिवसांत उभं केलं. ८ जानेवारी १९४४ ला ते उडालं, पण ब्रिटिश डी हॅविलंड इंजिनावर. जूनमध्ये एक्सपी-८०ए उडालं ते जनरल इलेक्ट्रिकच्या आय-४० वर, थ्रस्ट म्हणजे पुढं ढकलणारा जोर सुमारे ४,००० पौंड. आय-एचा होता १,२५०. पोरा, सेमिनारात हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांड.